सातपुड्यापलीकडचे बाघचे थर आणि आपला काळा खान्देश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शहाद्याकडचा. दगडांचं वेड आहे हे गावात सगळ्यांना माहीत, त्यामुळे कुणाच्या शेतात काही वेगळं दिसलं की फोटो माझ्या मोबाईलवर येतो आणि खाली एकच प्रश्न, "भाऊ, हाई काय शे?" त्याच त्याच प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. बहुतेक प्रश्न शेवटी बाघच्या थरांवर येतात म्हणून सुरुवात तिथूनच.

बाघचे थर म्हणजे नेमकं काय?

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कुक्षीच्या पुढे बाघ नावाचं गाव आहे, तिथल्या बौद्ध गुहा प्रसिद्ध आहेत. त्या गावाच्या आसपास, आणि नर्मदा खोऱ्यात धार, झाबुआ, अलिराजपूर अशा भागात तुटक तुटक, गाळापासून बनलेले खडक उघडे पडलेत, त्यांना बाघचे थर म्हणतात. गाळाचा खडक म्हणजे नदीने किंवा समुद्राने वाळू, चिखल, चुना आणून टाकला, एकावर एक साचत गेला, वरच्या वजनाने दबला आणि दगड झाला. खालून वर मोजत गेलं तर आधी अतिप्राचीन खडकांचा पाया, त्यावर निमार वालुकाश्म, त्यावर गाठीगाठींचा चुनखडक, त्यावर तथाकथित प्रवाळ चुनखडक ("तथाकथित" का ते खाली सांगतो), मग लॅमेटा नावाचे वेगळे थर आणि सगळ्यात वर आपला ओळखीचा काळा दगड. सगळं प्रत्येक ठिकाणी सापडतं असं नाही, कुठे एखादा थर गायब, कुठे पातळ झालेला.

बाघच्या गुहा या निमार वालुकाश्मातच कोरल्यात. अजिंठा, पितळखोरा आपल्या काळ्या दगडात आहेत आणि पंधराशे-दोन हजार वर्षांनी सुद्धा खांब उभे आहेत, बाघला नऊ गुहांपैकी निम्म्याच धड राहिल्या, कारण वाळूचा दगड पाणी पितो, मध्ये मऊ थर आहेत, ते झिजले की वरचं छत बसतं. चित्रं तर भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या म्युझियममध्ये न्यावी लागली. दगड कुठला आहे यावर लेणं किती टिकणार ते ठरतं, हे मला तिथे उभं राहून जेवढं कळलं तेवढं वाचून कधी कळलं नव्हतं.

आमच्या विहिरीत काळा दगडच लागतो. आपल्याकडे जीवाश्म का सापडत नाहीत?

कारण आपला काळा दगड हा थिजलेला लाव्हा आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, मग पुन्हा आला, असं कितीतरी वेळा झालं. हजार अंशाच्या वर तापलेल्या रसात हाड काय, शिंपला काय, जे सापडेल ते जळूनच जाणार. धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून, टेकड्यांवरून सरळ रेषेत काळ्या दगडाच्या भिंती गेलेल्या दिसतात ना, लोक त्यांना कुणीतरी बांधलेला जुना कोट समजतात, त्या म्हणजे तसल्याच भेगा. आत लाव्हा थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला, भिंत तेवढी राहिली. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम अंगाने जातात, तापीच्याच दिशेने, आणि ते उगाच नाही, इथलं भूकवच त्याला आडवं, उत्तर-दक्षिण ताणलं गेलं होतं.

विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर भूगर्भवाल्याइतकेच माहीत असतात खरं तर. माती, मुरूम, मग मांजऱ्या (बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मऊसर दगड), मग पाषाण, मध्येच लाल गेरूसारखा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधला निवांत काळ, जुना थर उघडा पडून कुजला, त्याची माती झाली, आणि वरून नवीन लाव्हा येऊन ती भाजली गेली. अशा मधल्या काळात कुठे तळं साचलं असेल तर त्या गाळात गोड्या पाण्याच्या गोगलगायी, झाडाचं लाकूड, बिया असं सापडतं, मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे मोहगाव-कलान त्यासाठी जगभर माहीत आहे. म्हणजे काळ्या दगडाच्या प्रदेशात जीवाश्म अजिबातच नसतात असं नाही, पण लाव्ह्यात नसतात, दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात असतात. हा फरक लक्षात ठेवला की निम्मे प्रश्न सुटतात.

शेतात नांगरताना गोल दगड निघाला, अगदी अंड्यासारखा. डायनासोरचं अंडं असेल का?

हा एक नंबरचा प्रश्न. आजवर मला आलेल्या फोटोंपैकी एकही अंडं नव्हतं. आपल्या भागात गोल दगड मुख्यतः दोन प्रकारे तयार होतो. एक म्हणजे काळा दगड कुजताना आधी चौकोनी फटी पडतात, फटीतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटत सुटत मध्ये गोळा उरतो. रस्त्याच्या कटिंगमध्ये मुरमात बसलेले असे गोळे शेकड्याने दिसतात. दुसरं म्हणजे गारगोटी. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते, ते रिकामे राहिले, नंतर पाण्यातून आलेली खनिजं त्या पोकळ्यांत भरली, त्यातून अकीक, स्फटिक, झिओलाइट असली खनिजं तयार झाली. सावदा-जळगावकडच्या खाणीतले हिरवे आणि पांढरे स्फटिक बाहेरच्या देशातले संग्राहक पैसे मोजून घेतात, ते यातलेच. फोडला की आत चमचम करतो म्हणून लोकांना वाटतं की अंड्याचा बलक दगड झाला, तसं काही नसतं.

आता खरं अंडं कसं ओळखायचं? फोडायचं नाही ही पहिली गोष्ट. कवच बघायचं. डायनासोरच्या अंड्याचं कवच साधारण एक ते तीन मिलिमीटर जाड, वेगळ्या रंगाचं, तुटलेल्या कडेला स्पष्ट रेघ दिसते, आणि भिंगातून पाहिलं तर बाहेरच्या बाजूला बारीक बारीक फोड आल्यासारखे उंचवटे असतात, श्वासासाठी छिद्रं असतात. पापुद्रे निघत असतील तर ते कवच नाही, पापुद्रे एकामागून एक निघतच राहतात, कवच एकच असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजूबाजूचा खडक कोणता? काळ्या दगडाच्या मुरमात गोळा असेल तर विषय संपला.

तसंच दगडावर काळी पानं-फांद्या उमटलेले फोटो पण येतात. फार सुंदर दिसतात, पण ती झाडं नव्हेत, फटीत शिरलेल्या पाण्याने मँगनीजची नक्षी काढलेली असते.

इथे समुद्र होता हे कशावरून सांगतात? समुद्र तर सुरतेला आहे.

आज सुरतेला आहे. साधारण 10 कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वी सगळ्या जगातच समुद्राची पातळी फार वर होती, तेव्हा पश्चिमेकडून समुद्राचा एक चिंचोळा हात आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून आत घुसला होता. पुरावा दगडातच आहे. खालचा निमार वालुकाश्म बघितला तर तळाशी नदीची वाळू आणि गोटे, वर वर जावं तसं खाडीसारखं वातावरण, मग कालवांचे (शिंपल्यातले जे खातात ते कालव) थरच्या थर, खेकड्या-झिंग्यांसारख्या प्राण्यांनी केलेली बिळं, आणि मग चुनखडकात पूर्ण समुद्री जीव. म्हणजे पाणी हळूहळू वाढत गेलं त्याची नोंद खालून वर वाचता येते, जशी पूर ओसरल्यावर भिंतीवरची चिखलाची रेघ वाचतो तशी.

गाठींच्या चुनखडकात अमोनाइट सापडतात. हे माकुळ-म्हाकुळाच्या भाऊबंदातले, पण वळ्या-वळ्यांच्या शंखात राहणारे समुद्री प्राणी. इथला प्लॅसेंटिसेरास नावाचा अमोनाइट प्रसिद्ध आहे, चपटा, थाळीसारखा, काही तर जेवणाच्या ताटाएवढे. सोबत इनोसेरॅमस नावाचे मोठे शिंपले, समुद्री साळिंदर म्हणतात ते काटेरी गोल प्राणी, आणि शार्कचे दात. टायकोडस नावाच्या एका शार्कचे दात चपटे, जात्याच्या पाळीसारखे, शिंपले भरडून खायला. नर्मदेच्या काठी शार्क शिंपले भरडत होता हे वाक्य मी आजवर कितीदा बोललोय, तरी बोलताना अजून अंगावर काटा येतो.

अजून एक गोष्ट. त्याच काळात तामिळनाडूत अरियलूरकडेही समुद्र होता आणि तिथलेही जीवाश्म भरपूर आहेत. पण बाघचे जीव अरबस्तान-युरोपाकडच्या जीवांशी जास्त जुळतात आणि तामिळनाडूचे तेवढे जुळत नाहीत. म्हणजे दोन्ही समुद्रांच्या मध्ये जमीन आडवी होती. काही शिंपल्यांवरून एवढा मोठा नकाशा काढता येतो.

प्रवाळ चुनखडक म्हणजे पोवळी का?

नाही, आणि हेच "तथाकथित"चं कारण. जुन्या लोकांना त्यातल्या बारीक फांद्या पाहून पोवळी वाटली, नाव पडलं, आणि नाव पडलं ते चिकटलं. प्रत्यक्षात त्या फांद्या बहुतांश ब्रायोझोआ नावाच्या वेगळ्याच जीवांच्या आहेत, हे पण वसाहत करून राहतात पण पोवळ्यांचे सगेसोयरे नव्हेत. दगड लालसर-पिवळसर, जवळून पाहिला तर चुरमुऱ्यासारखे तुकडे खच्चून भरलेले.

हे सगळं शोधलं कुणी?

जुन्या नोंदी इंग्रजांच्या काळापासून आहेत, 1869 मध्ये ब्लॅनफर्ड या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने तापी आणि खालची नर्मदा दोन्ही खोऱ्यांचा एकत्र अहवाल लिहिला, म्हणजे आपला खान्देश आणि बाघ एकाच पुस्तकात आले. पण थरांची नीट विभागणी केली ती प्रमथनाथ बोस यांनी, 1884 च्या अहवालात. हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अधिकारी झालेल्या सुरुवातीच्या भारतीयांपैकी. पुढे मयूरभंजचं लोखंड त्यांनीच शोधलं आणि 1904 मध्ये जमशेटजी टाटांना पत्र लिहून कळवलं, त्यातून जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला. आपल्या शेजारच्या डोंगरात हा माणूस चालत फिरला होता, हे आपल्या मुलांना शाळेत सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग डायनासोर कुठून आले? ते समुद्रात राहायचे का?

नाही. इथे लोक दोन वेगळे थर एकत्र करतात. समुद्र मागे हटला, मध्ये बराच काळ गेला, आणि नंतर त्याच भागात नद्या, तळी, दलदल, कोरडी मैदानं तयार झाली. त्या गाळाचे खडक म्हणजे लॅमेटा, नाव पडलं जबलपूरजवळच्या लम्हेटा घाटावरून. जबलपूरला 1828 मध्ये कॅप्टन स्लीमनला हाडं सापडली होती, भारतातली डायनासोरची पहिली हाडं ती. म्हणजे बाघ गावाच्या भोवती खालच्या चुनखडकात समुद्री शंख आणि त्याच्या वर लॅमेटात डायनासोरची अंडी, एकाच टेकडीवर काही मीटर चढताना दोन जगं ओलांडता येतात.

अंड्यांबद्दल जरा सविस्तर. 2017 ते 2020 दरम्यान बाघ-कुक्षी भागात दिल्ली विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली, 2023 च्या सुरुवातीला ते प्रसिद्ध झालं. अंडी साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे लहानसं टरबूज समजा, आणि एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत. ही लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉरची. घरटी एकमेकांच्या इतकी जवळ जवळ आहेत की एवढ्या मोठ्या जनावराला पिल्लांजवळ बसायला जागाच नव्हती, म्हणून संशोधक म्हणतात की मगरीसारखी उथळ खड्ड्यात अंडी पुरून त्या निघून जात असाव्यात. एका अंड्यात तर अंड्याच्या आत अंडं सापडलं, असं आज पक्ष्यांमध्ये क्वचित होतं, आणि पक्षी डायनासोरांचेच वंशज आहेत या गोष्टीला त्याने वेगळंच वजन येतं.

त्यानंतर काही काळाने लाव्हा आला आणि त्याने हे सगळं झाकून टाकलं. डायनासोरांना लाव्ह्याने मारलं की मेक्सिकोत पडलेल्या उल्केने, हा वाद अजून चालू आहे, दोन्ही घटना 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपासच्याच. पण आपल्याकडची अंडी उरली ती त्या काळ्या दगडाने वरून झाकण घातलं म्हणून, नाहीतर कधीच झिजून नर्मदेतून समुद्रात गेली असती.

लोक अंड्यांची पूजा करायचे असं ऐकलं, खरं आहे का?

हो. धार जिल्ह्यात पाडल्या गावात लोक गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजत होते, शेताचं आणि गुराढोरांचं रक्षण करणारा देव म्हणून, नारळ फोडत होते. 2023 मध्ये संशोधकांनी पाहिलं तर त्यातली काही डायनासोरची अंडी निघाली. बातमी आली तेव्हा बरेच जण हसले, मला ते आवडलं नाही. आपण बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावतोच की. त्या लोकांना तो दगड इतर दगडांपेक्षा वेगळा आहे हे कुणी न सांगता कळलं होतं, आणि पुजला म्हणून तो टिकला, नाहीतर बांध घालायला गेला असता.

शाळिग्राम आणि नर्मदेचं बाणलिंग पण जीवाश्मच ना?

शाळिग्राम हो, नेपाळात काली गंडकीत सापडणारा काळा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, आतलं "चक्र" म्हणजे त्याच्या शंखाच्या वळ्या. बाघचा अमोनाइट त्याचा लांबचा नातेवाईक पण वयाने तरुण. बाणलिंग मात्र जीवाश्म नाही, नदीने गोल घासलेला टणक दगड आहे.

खान्देशाच्या खाली पण हे थर आहेत का?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. 1980 च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने थुआदरा-सेंधवा-सिंदाड अशी एक रेघ धरून जमिनीत स्फोट करून त्याच्या लहरी मोजल्या, सेंधव्यावरून सातपुडा उतरून थेट आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सिंदाडपर्यंत. लहरी काळ्या दगडातून वेगाने जातात आणि गाळाच्या खडकात हळू होतात, त्यावरून खाली काय आहे याचा अंदाज येतो. त्यात लाव्ह्याच्या खाली गाळाचे थर दडलेले असल्याचं दिसलं. म्हणजे आपण ज्याच्यावर केळी आणि कापूस लावतो त्याच्या खोल खाली जुना गाळ आहे. त्यात काय काय दडलंय ते हाताला लागणं अवघड, कारण मध्ये शेकडो मीटर पाषाण, बोअरवाल्यांचं ते काम नाही. म्हणूनच बाघला महत्त्व आहे, तिथे नर्मदेने झाकण कापून आतलं दाखवलंय.

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याला मोठा प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग आहे, तापीकडची बाजू खाली बसली. चोपडा-यावल-रावेरचा बझाडा पट्टा, जिथे डोंगरातून आलेले गोटे-वाळू साचून भरपूर पाणी मुरतं, आणि अडावदजवळच्या उनपदेवचा गरम झरा, दोन्ही त्याच प्रस्तरभंगाच्या कृपेने. केळीवाल्यांनी त्याचे आभार मानायला हरकत नाही.

खान्देशाचं स्वतःचं असं काहीच नाही का मग?

आहे, पण तरुण आहे. तापी-गिरणेच्या काठचा पिवळा-तपकिरी गाळ, ज्यात मोठमोठ्या घळी पडतात, तो हिमयुगाच्या काळातला. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळच्या पाटणे गावात 1970 च्या दशकात डॉ. साळी यांनी उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याचं कवच सापडलं, त्यावर माणसाने कोरलेली आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी, वय साधारण 25 हजार वर्षं. खान्देशात शहामृग फिरत होते आणि कुणीतरी त्या कवचावर नक्षी काढत बसलं होतं. अंडं पाहिजे असेल तर हे घ्या, आपलं स्वतःचं.

बाघला जायचं कसं?

शहाद्याहून खेतिया, पानसेमल, बडवानी, नर्मदा ओलांडून कुक्षी आणि पुढे बाघ. धुळ्याकडून शिरपूर-सेंधवा-जुलवानिया-बडवानी. पावसाळ्यात गवत वाढतं, थर दिसत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये निमाडचं ऊन सहन होत नाही, दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बेस्ट. भाकरी-चटणी सोबत ठेवा. आधी गुहा बघा, वालुकाश्मावर हात फिरवा, मग टेकड्यांकडे. स्थानिक माणूस बरोबर घेतल्याशिवाय काही कळणार नाही, आणि शेतातून जाताना विचारून जा.

एखादा शंख-शिंपला आठवण म्हणून आणला तर चालेल का?

नाही. अंड्यांच्या क्षेत्राचा काही भाग 2011 मध्ये डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालाय, तिथून काही उचलणं म्हणजे सरळ गुन्हा. पण बाहेरच्या जागेबद्दलही मी नाहीच म्हणेन, त्याचं कारण सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्त्याकडेला पडलेलं एक कालव उचललं, घरी आणलं, कपाटात ठेवलं. नंतर एका भूगर्भशास्त्राच्या सरांना मोठ्या हौसेने दाखवलं, ते म्हणाले छान आहे, कोणत्या थरातलं? वरचा, खालचा, चुनखडकाच्या वर की खाली? मला सांगता येईना. सरांनी ते शांतपणे परत माझ्या हातात ठेवलं. जोपर्यंत ते टेकडीत होतं तोपर्यंत समुद्र कधी आला ते सांगत होतं, माझ्या कपाटात आल्यावर तो नुसता दगड झाला. ते आजही माझ्याकडे आहे आणि त्याला परत ठेवायची जागा मला माहीत नाही.

मग खरंच काही सापडलं तर करायचं काय?

हलवू नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळतो. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात आजूबाजूचा थर आणि टेकडी दिसेल. मोबाईलचं लोकेशन सेव्ह करा. पाणी ओतून, तारेच्या ब्रशने घासून साफ करू नका, कवच जातं. मग जळगावच्या विद्यापीठातला भूविज्ञानाचा विभाग किंवा नागपूरचं भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, यांना कळवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर जागेसकट टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे कुदळी पोचलेल्या असतात. आणि मला पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, फक्त तो लांबून काढलेला फोटो विसरू नका.